दोनदा घर

टिबुकली सकाळपासून नुसत्या येरझारा घालत होती, आणि त्याचं खापर पद्मजा काळसेकरांच्या डोक्यावर फुटणार हे नियंत्रणकक्षातल्या खुर्च्यांनाही कळून चुकलं होतं.

ही टिबुकली म्हणजे तळ्यात बुड्या मारणारा तो चिमुकला पक्षी नव्हे. त्याच्यावरून हिचं नाव ठेवलं, इतकंच. ही पोहत होती गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर, बर्फाच्या जाड थराखालच्या काळ्याकुट्ट समुद्रात. आकाराने पाण्याच्या कळशीएवढी, पुढे एक दिवा, मागे एक पंखा, पोटात विजेचा साठा. दोन वर्षांपूर्वी बर्फाला भोक पाडून तिला खाली सोडलं, तेव्हापासून सिन्नरच्या माळावरच्या या केंद्रात बसून पद्मजाबाई तिला चालवत होत्या. बाईंचं वय सत्तावन्न, चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी, आणि टिबुकलीबद्दल बोलताना ‘यंत्र’ हा शब्द चुकूनही तोंडात येत नसे.

“सत्तेचाळीस वेळा!” डॉ. विश्राम टिपणीस पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. “कढईहून दिवळी, दिवळीहून कढई. काळसेकरबाई, ही काय शतपावली चालली आहे?”

‘कढई’ हा समुद्रतळावरचा एक खळगा होता, त्यातून गरम पाणी उसळायचं. ‘दिवळी’ तिथून तीनशे मीटरवरची कड्यातली खोबण. नावं अर्थातच पद्मजाबाईंनी ठेवलेली.

“सर, मीही सकाळपासून तेच बघतेय,” बाई म्हणाल्या. “मी तिला काहीही सांगितलेलं नाही.”

“वीज किती उरली आहे?”

“पस्तीस टक्के,” ध्वनितज्ज्ञ नसीमा मुकादम पलीकडच्या टेबलावरून म्हणाली. “म्हणजे एकेचाळीस मिनिटांपूर्वी होती. तिथली बातमी इथे पोचायला तेवढा वेळ लागतोच. दर तासाला पाच टक्के उडताहेत.”

घर साडेआठ किलोमीटरवर होतं. घर म्हणजे ते बर्फातलं भोक. वर बर्फावर यानाने उतरवलेलं छावणी नावाचं केंद्र, तिथून भोकातून खाली सोडलेली केबल, केबलच्या टोकाला वीज भरायची सोय, ठोके द्यायचा हातोडा आणि ऐकायला कान. घरी पोचायला टिबुकलीला पंधरा टक्के वीज लागे. साठा त्याखाली गेला की ती कुठेतरी मध्येच विझणार, आणि त्या अंधारात तिला शोधायला दुसरं कुणी जाणार नव्हतं.

टिपणीस दोन महिन्यांपूर्वीच संचालक म्हणून आले होते. माणूस हुशार, कामाला वाघ, पण शिस्तीचा भलताच भोक्ता. त्यांच्या घरी म्हणे मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ असं लिहून चिकटवलेलं होतं. आयुष्य गेलं उपग्रह चालवण्यात, त्यामुळे टिबुकलीची भाषा त्यांना अजून परकी वाटे.

“मला हे एकदा मुळापासून सांगा,” खुर्ची ओढत ते म्हणाले. “ती जागेवरून हलते कशी?”

पद्मजाबाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. समजावून सांगायला लागल्या की त्या चष्मा काढत.

“युनिक्स नावाची जुनी संगणकप्रणाली आहे ना सर, तिच्यात माणूस यंत्राशी बोलतो त्या भागाला आपण कवच म्हणतो. आत सगळी माहिती कप्प्यांत ठेवलेली. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर सीडी ही दोन अक्षरं लिहायची आणि पुढे त्या कप्प्याचा पत्ता. टिबुकली बनवणाऱ्यांनी एकच गंमत केली. तिने पाहिलेली प्रत्येक जागा त्यांनी कप्पा मानली. आपण कप्पा बदलायला सांगितला, की ही बया खरोखर उठून तिथे जाते.”

“पूर्ण पत्ता दिला की जाते. तेच तर मी म्हणतो आहे.”

“पूर्ण पत्ता म्हणजे मूळ, दक्षिण उतार, लांब भेग, कमान, कढई. मोजा किती अक्षरं झाली! पाण्यात आपण ठोके देऊन बोलतो, आणि वर बर्फ सारखा कुरकुरत असतो. वीस अक्षरांमागे एखादं तो गिळतोच. एक गेलं की सगळा पत्ता फुकट. म्हणून आडवाटा. सीडीपुढे दोन टिंबं दिली, की एक पायरी वर. सीडीपुढे आडवी रेघ दिली, की आधी जिथे होती तिथे परत. आणि सीडीपुढे काहीच नाही दिलं, की थेट घर. कुठेही असो, पत्ता सांगावा लागत नाही.”

“आणि ती आडवी रेघ तुमची लाडकी.”

“कढईचं पाणी गरम, दिवळीचं गार. दोन्हीकडचे नमुने घ्यायला दोन वर्षं मी तिला रेघेवरच नाचवलंय. हजारदा तरी दिली असेल. पोचल्यावर ती स्वतःहून जागेचं नावही ठोकून सांगते, म्हणजे आपल्याला कळतं कुठे आली ते.”

टिपणिसांनी मान डोलावली. आठ दिवसांपूर्वी त्यांनी याच आडवाटा बंद केल्या होत्या. दिलेली प्रत्येक आज्ञा त्रयस्थ माणसाला वाचून समजली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. ‘आधी जिथे होतीस तिथे परत जा’ हे काय आज्ञा देणं झालं? म्हणून इथून संदेश सुटतो त्या संगणकावर त्यांनी एक गाळणी बसवली. आडवाट आली की अडव, एकच आज्ञा लागोपाठ दोनदा आली की दुसरी टाकून दे. आणीबाणीची सोय म्हणून घराची आज्ञा तेवढी शाबूत ठेवली.

त्या दुसऱ्या कलमाचं मूळही पद्मजाबाईच होत्या. रोज काम संपताना, टिबुकलीचा दिवा तीस टक्क्यांवर मंद झाला की त्या तिला घरी पाठवत, आणि ती आज्ञा एका दमात दोनदा देत. घर, घर. का, तर बाईंना सगळ्याच बाबतीत ती खोड होती. कुलूप लावलं की ओढून बघायचं, फाटकापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. केंद्रातली मंडळी त्यांना पाठीमागे ‘दोनदा घर’ म्हणत. ते बाईंनाही माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

“आता माझं ऐका,” टिपणीस म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. “आठ दिवसांपूर्वी मी रेघ बंद केली. तीन दिवसांनी टिबुकली रेघेच्या आज्ञेवर नाचायला लागली. पहिल्यांदा एकदोनदा, आज तर सत्तेचाळीस वेळा. तिच्या नोंदवहीत आज्ञा दिसते, ती आली कुठून ते दिसत नाही. इथून ती आज्ञा गेलेली नाही, कारण गाळणी आहे. छावणीनेही पाठवलेली नाही. म्हणजे आज्ञा टिबुकलीच्या पोटातच आहे. आपोआप चालणारी. गाळणी लागायच्या आधी कुणीतरी ठेवून दिलेली. हा उद्योग करू शकेल असं माणूस इथे एकच आहे.”

पद्मजाबाईंना रागही आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. दोन वर्षं ज्या पोरीला दिवा विझायच्या आत घरी आणलं, तिलाच आपण मुद्दाम भटकत ठेवू, असं कुणाला वाटू शकतं तरी कसं!

“मी असलं काही केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि केलं असतं तर तुमच्या तोंडावर सांगितलं असतं.”

“संध्याकाळपर्यंत मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. पण आधी तिला घरी आणू या.”

“एक मिनिट,” नसीमा म्हणाली. तिने कानावरची टोपणं काढून गळ्यात घातली होती आणि तिचा चेहरा जरा विचित्रच दिसत होता. “सर, आज्ञा पोटातली असेल तर पाण्यात शांतता हवी. बाहेरून कुणी ठोके दिले तरच ते ऐकू येतील. छावणीचा कान रोज फक्त टिबुकलीच्या पट्टीतला आवाज आपल्याला देतो, बाकीचा आवाज गोंगाट म्हणून बाजूला ठेवतो. तो बाजूला ठेवलेला मी आत्ता काढला. ऐका.”

तिने कळ दाबली. आधी बर्फाची कुरकुर. टिबुकलीच्या पंख्याची घरघर, मग पंखा थांबला. आणि मग तीन ठोके. चार ठोके. पाठोपाठ एक लांबलचक घासल्यासारखा आवाज.

ठोक्यांच्या भाषेत सी म्हणजे तीन, डी म्हणजे चार, आणि आडवी रेघ म्हणजे तो घासटा. पद्मजाबाईंना ते झोपेतही ओळखू आलं असतं. मात्र छावणीचा हातोडा टणटणीत वाजे. हे ठोके बोदे होते, ओल्या मडक्यावर थाप मारावी तसे.

“पुन्हा लाव,” बाई म्हणाल्या.

तीन, चार, घासटा. पंखा सुरू. टिबुकली निघाली.

“प्रतिध्वनी असणार,” टिपणीस म्हणाले. “आपलाच ठोका कड्यावर आपटून परत आलेला.”

“सर, ठोका कुठला?” नसीमा म्हणाली. “आठ दिवसांत आपण रेघ पाठवलेलीच नाही. तुमच्या गाळणीनेच पाठवू दिलेली नाही.”

बिचाऱ्या टिपणिसांच्या शिस्तीनेच त्यांचा मुद्दा निकालात काढला होता.

“शिवाय हे बघा,” नसीमा पुढे म्हणाली, “ती पोहत असताना ठोके नाहीत. पंखा चालू असला की स्वतःच्याच आवाजात तिला काही ऐकू येत नाही, आणि हे जे कोण आहे त्याला ते माहीत आहे. ती थांबेपर्यंत वाट बघतं. कधी दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट. मग बोलावतं.”

“दगड वाट बघत नाही,” पद्मजाबाई हळूच म्हणाल्या.

ज्यासाठी तीन देशांनी पंधरा वर्षं पैसा ओतला, ज्याच्या नुसत्या शक्यतेवर शेकडो लोकांनी उमेदीची वर्षं घालवली, ते समोरच्या स्पीकरमधून थपथप वाजत होतं.

“पण रेघच का?” टिपणिसांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात संचालक कमी आणि विद्यार्थी जास्त होता. “इतक्या आज्ञा आहेत आपल्या.”

“कारण तीच लहान आहे,” बाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उलगडत होतं. “तुमचा तो लांबलचक पत्ता कोण पाठ करणार? दोन वर्षं त्याने काय ऐकलं? तीन, चार, घासटा, की ही दिव्याची बाई गेली. पुन्हा तीन, चार, घासटा, की आली. हजार वेळा. मग एक दिवस ते ठोकेच बंद झाले. एक दिवस वाट बघितली असेल, दोन दिवस बघितली असेल. तिसऱ्या दिवशी स्वतःच ठोकून बघितलं. आणि ती आली!”

नसीमाने पद्मजाबाईंना कडकडून मिठी मारली. टिपणीस उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मग त्यांनी अख्ख्या कक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “काळसेकरबाई, मी चुकलो. माफ करा.”

“ते नंतर,” बाई म्हणाल्या. “वीज बघा.”

तेहतीस टक्के. तीही जुनी बातमी. आज्ञा इथून निघून तिथे पोचेपर्यंत सव्वीसच्या आसपास आलेली असणार. खाली कुणाला तरी आयुष्यातला सगळ्यात छान खेळ सापडला होता, आणि त्या खेळात टिबुकली मरणार होती.

“रेघेची आज्ञाच तिच्या कवचातून काढून टाकू,” टिपणीस म्हणाले.

“ते सांगायला चाळीस अक्षरं लागतील. बर्फ दोन तरी खाणार. आणि ते बोलून होईपर्यंत शेजारचं कुणी मध्येच ठोके देणार.” बाईंनी त्याला ‘शेजारचं’ करून टाकलं होतं. “दोनच अक्षरं जातील. सीडी. घर.”

“मग पाठवा.”

पद्मजाबाईंचे हात कळफलकावर गेले आणि तिथेच थांबले.

“नाही चालणार,” त्या म्हणाल्या. “समजा ती घरी पोचली. अकरा टक्के वीज घेऊन. पंखा थांबला, कान उघडला. शेजाऱ्याची हाक साडेआठ किलोमीटरवर ऐकू येते, आपल्या कानाला नाही का आली? त्याने रेघ ठोकली की ही काय करणार? आधी कुठे होती? कढईत. चालली परत कढईकडे. अकरा टक्क्यांवर अर्ध्या वाटेत विझेल.”

“म्हणजे घरी नेऊनही उपयोग नाही,” नसीमा म्हणाली.

बाई डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते, बोटं मांडीवर काहीतरी लिहीत होती. मग त्यांनी डोळे उघडले आणि एकदम हसायलाच लागल्या.

“दोनदा घर!” त्या म्हणाल्या. “अहो सर, दोनदा घर! टिबुकली मागची जागा एकच लक्षात ठेवते. फक्त एक. कढईहून घरी आली, की मागची जागा कढई. पण घरी असताना तिला पुन्हा घरी जा म्हटलं, तर ती जागची हलत नाही, फक्त वहीत नोंद करते. आत्ता कुठे आहे? घरी. आधी कुठे होती? घरी! मग शेजाऱ्याने रेघ कितीही ठोकू दे. परत जा म्हटलं तरी ही घरातून घरातच जाणार.”

टिपणीस क्षणभर छताकडे बघत राहिले. हिशेब जमला तसा त्यांचा चेहरा उजळला. “आणि दोन्ही आज्ञा एका दमात दिल्या तर?”

“दोन्ही आधीच लिहून घेते. पहिली पाळली की कान उघडण्याआधी दुसरी पाळते. मध्ये कुणाला घुसायला फटच नाही.”

“म्हणून तुम्ही रोज दोनदा पाठवत होतात!”

खोटं बोलायला ही फार सोयीची वेळ होती. पद्मजाबाई म्हणाल्या, “नाही हो. मला आपली कुलूप ओढून बघायची खोड. हे आत्ता सुचलं.”

त्यांनी आज्ञा लिहिली. सीडी. सीडी. कळ दाबली. पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘दुसरी आज्ञा अनावश्यक. वगळली आहे. एकच पाठवायची?’

तिघांनीही एकाच वेळी टिपणिसांकडे बघितलं, म्हणजे टिपणिसांनीही पडद्याच्या काचेत स्वतःकडे बघितलं. गाळणी काढायला संचालकाचा परवलीचा शब्द लागे. तो त्यांनी घाईघाईने मारला, चुकला, पुन्हा मारला. परवलीचा शब्दही त्यांनी चांगला लांबलचक ठेवला होता. तिसऱ्या खेपेला गाळणी गेली, आणि बारा वाजता सिन्नरहून दोनदा घर निघालं. टिबुकलीचा पंखा थांबला रे थांबला की ठोके द्यायचे, आणि ती घराकडे वळेपर्यंत दर खेपेला देत राहायचे, असं नसीमाने छावणीला बजावून ठेवलं.

पुढे नुसती वाट बघणं. आज्ञा जायला एकेचाळीस मिनिटं, टिबुकलीला पोहायला अडीच तास, बातमी यायला पुन्हा एकेचाळीस मिनिटं. नसीमाने डबा उघडला. टिपणिसांना थालीपीठ दिलं तर त्यांनी आधी ते कशाचं आहे ते विचारलं, मग काही न विचारता दुसरंही घेतलं. पद्मजाबाईंनी आपलं थालीपीठ तसंच ठेवलं. त्या दोनदा उठून दार नीट लागलंय का बघून आल्या.

चारच्या सुमाराला पडद्यावर अक्षरं उमटली.

घर. वीज अकरा टक्के. भरणं सुरू.

टाळ्या वाजायच्या आतच पुढची ओळ आली. बाजूला ठेवलेल्या आवाजातले ठोकेही कळवायला नसीमाने छावणीला सांगितलं होतं. पाण्यातून आज्ञा: सीडी, आडवी रेघ. टिबुकलीचं उत्तर: घर. पुन्हा आज्ञा. पुन्हा उत्तर: घर. पुन्हा. घर. टिबुकली जागची हलत नव्हती आणि दर हाकेला इमानाने आपला पत्ता ठोकून सांगत होती.

“बिच्चारं,” नसीमा म्हणाली. “हाका मारतंय आणि ही येत नाहीये.” मग ती पुढे वाकली. “थांबा. ठोक्यांचा आवाज बघा. पहिला हा एवढासा. दहावा याच्या दुप्पट. हा आत्ताचा...”

“मोठा होतोय?” टिपणीस.

“जवळ येतोय. ती उत्तर देते, तो आवाज कुठून आला ते त्याला कळतं. त्या आवाजामागे येतंय ते.”

संध्याकाळी पावणेसातला हाका थांबल्या. टिबुकलीचा दिवा वीज भरताना बंद असे, त्यामुळे दिसलं काहीच नाही. फक्त तिच्या पोटातल्या कल मोजणाऱ्या उपकरणाने सांगितलं की ती दोन अंश डावीकडे झुकली आहे. कुणीतरी तिला टेकून बसलं होतं. वीज पुरी भरेपर्यंत ते तसंच टेकून राहिलं.

संध्याकाळचा अहवाल टिपणिसांनी पाठवला खरा. त्यात पद्मजाबाईंचं नाव चौदा वेळा होतं आणि प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलेलं होतं.

नंतरच्या चार महिन्यांत जगभर काय धुमाळी उडाली ते सांगायला नको. पद्मजाबाईंचं काम मात्र तेच राहिलं. दिवसभर टिबुकली आणि शेजारी रेघेवर खेळत. बाई अधूनमधून एखादा नमुना घेत, आणि दिवा मंद झाला की दोनदा घर. दिव्यात दिसलं ते एवढंच, की शेजारी चपटा आहे, पांढरा आहे आणि फोटोसाठी एका जागी थांबत नाही. गाळणी पुन्हा बसली नाही. टिपणीस आता जाताना स्वतःच्या खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघत, आणि कुणी बघितलंच तर किल्ली शोधत असल्यासारखं करत.

मग गुरू सूर्याच्या पलीकडे गेला. दर तेरा महिन्यांनी असं होतं. सूर्य मध्ये आला की पंधरा दिवस इकडचा आवाज तिकडे जात नाही, तिकडचा इकडे येत नाही. त्याआधी टिबुकलीला घरी बसवून ठेवायचं, हा ठरलेला नियम. पद्मजाबाईंनी शेवटच्या दिवशी वेळेवर दोनदा घर पाठवलं. पण सूर्य अंदाजापेक्षा खवळलेला निघाला. आज्ञा छावणीपर्यंत पोचलीच नाही. शेवटची बातमी आली ती अशी: कढई. वीज बत्तीस टक्के. त्यानंतर खरखर.

पंधरा दिवस बाई कामावर यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि घरी जायच्या. हिशेब सोपा होता, म्हणूनच तो कुणी त्यांच्यासमोर मांडला नाही. बत्तीस टक्के म्हणजे खेळात गेले तर सहा तास, नुसतं बसून काढले तर दोन दिवस. पंधरा दिवस कशातच बसत नव्हते. नसीमा बळेच हसवायचा प्रयत्न करी. टिपणीस सकाळ-संध्याकाळ येऊन शेजारी बसून जात.

सोळाव्या दिवशी सकाळी दहा वाजता खरखर थांबली. पद्मजाबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. त्यांना वाचायचं नव्हतं.

“ताई,” नसीमा म्हणाली. “घर. घरी आहे ती. वीज शंभर टक्के.”

“कशी असेल? आज्ञा गेलीच नव्हती.”

“छावणीची वही बघते. पाठवलेल्या आज्ञा... शून्य.” नसीमाने भराभर पानं मागे नेली. “टिबुकलीची वही. कढई. एकतीस टक्के. कढई. तीस टक्के, दिवा मंद केला. आणि इथे एक आज्ञा आली आहे.”

“रेघ?”

“नाही. रेघ नाहीये. छावणीच्या कानात आवाज आहे, लावू?”

टिपणीस दारातच थांबले. नसीमाने कळ दाबली. बर्फाची कुरकुर. मग ते ओळखीचे बोदे ठोके. तीन. चार. पाठोपाठ घासटा येईल म्हणून सगळे थांबले, पण तो आला नाही. पाण्यात नुसती शांतता होती. ठोक्यांच्या भाषेत त्या शांततेचा अर्थ एकच: पुढे पत्ता नाही, थेट घर.

“दिवा मंद झाला की तुम्ही काय ठोकता, हेही त्याने ऐकून ठेवलं होतं,” टिपणीस म्हणाले.

“श्श,” पद्मजाबाईंनी हात वर केला. “अजून संपलं नाही.”

स्पीकरमध्ये पुन्हा तीन ठोके पडले, आणि मग चार.